उदाहरणाची जागा

दादर, मुंबई
१९ जानेवारी १९४५

चि. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. हलव्याला काटा छान आला आहे असे तुझ्या काकूचे मत पडले. मी स्वतः एकच दाणा खाल्ला, कारण सध्या घसा जपावा लागतो. कारण पुढे येईलच.

मुंबईच्या रेडिओ केंद्राने माझी मुलाखत ठेवली आहे. विषय, 'आजची मुलगी आणि उद्याचा समाज'. 'संसारातील शंभर चुका' या माझ्या पुस्तकाची चौथी आवृत्ती कागदाच्या टंचाईतही निघाली, तेव्हा असे बोलावणे येणारच होते. मुलाखतीची रीत तुला ठाऊक नसेल. प्रश्नही मीच लिहायचे आणि उत्तरेही मीच. समोर बसणारे गृहस्थ माझे प्रश्न असे वाचतात की ते त्यांना आत्ताच सुचले आहेत. सगळे लिखाण आधी केंद्राकडे द्यावे लागते. लढाईचे दिवस असल्याने एकदा मंजूर झाले की त्याबाहेर एक शब्द बोलता येत नाही. काचेपलीकडे अधिकारी बटणावर बोट ठेवून बसलेला असतो.

माझे अक्षर तुझ्याखेरीज कुणाला लागत नाही, तेव्हा सोबतच्या कच्च्या लिखाणाच्या तीन सुवाच्य नकला कर आणि परस्पर केंद्राकडे रजिस्टरने धाड. मी उद्याच व्याख्यानांसाठी नागपूरला निघतो आहे व मुलाखतीच्या दिवशीच परत येईन. चौथ्या उत्तरात उदाहरणाची जागा मोकळी सोडली आहे. नेहमीप्रमाणे तू तिकडचे एखादे उदाहरण घाल. माणूस खरा असावा, चार वाक्यांत बसावा आणि मी त्याला जवळून ओळखतो असे ऐकणाऱ्याला वाटावे. 'शंभर चुकां'तली तुझी ती सोनाराची सून लोकांना फार आवडली. कुणी विचारले तर मी तिला भेटलो आहे असेच सांगतो.

आता आनंदाची गोष्ट. तुझे लग्न ठरवले आहे. सोनईचे नारायणराव, निवृत्त अव्वल कारकून, त्यांचे चिरंजीव शरच्चंद्र. वय छत्तीस. पहिली पत्नी वारली, दोन मुले आहेत, म्हणजे घर मांडलेलेच आहे. वैशाखात उरकून टाकू. यंदाच्या जिल्हा साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष नारायणरावच आहेत आणि अध्यक्ष निवडताना त्यांच्या शब्दाला वजन राहील, पण त्याचा इथे संबंध नाही. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाण्याची तुझी इच्छा वाचली. इच्छा चांगली आहे.

वहिनींस साष्टांग नमस्कार सांग.

तुझा काका,
विष्णुपंत


पुणतांबा
२८ जानेवारी १९४५

तीर्थरूप काकांच्या सेवेशी,
नीलांबरीचा साष्टांग नमस्कार.

तिन्ही नकला काल स्टेशनावरच्या टपालात टाकल्या. आधी तुम्हांला दाखवाव्यात असं आई म्हणत होती. पण परस्पर धाडायला तुम्ही सांगितलं होतं आणि नागपूरचा पत्ता आमच्याकडे नव्हता. तुमच्या पत्राबाहेर मी कधी गेलेले नाही.

लिखाण फार सुंदर झालं आहे. नक्कल करताना तिसऱ्या उत्तरापाशी मला भरून आलं. चौथ्याला मात्र मी अडून बसले. तिथे तुम्ही लिहिलं आहे, "नुसता उपदेश करून भागणार नाही. ज्याने त्याने आपल्या घरापासून सुरुवात केली पाहिजे. उदाहरणार्थ," आणि पुढे जागा कोरी. मी आधी रंगनाथ पाटलांची लेक गोजर घेऊन पाहिली. मग मालधक्क्यावरच्या कारकुनांची मेहुणी घेतली. कुणीच बसेना. 'आपल्या घरापासून' म्हटल्यावर पुढे दुसऱ्याचं घर आलं की वाक्य लंगडतं. शेवटी एक उदाहरण सापडलं. माणूस खरा आहे, चार वाक्यांत बसला आणि तुम्ही त्याला अगदी जवळून ओळखता.

सोनईचं स्थळ आईला वाचून दाखवलं. ती भाकरी तव्यावर करपेपर्यंत तशीच बसून राहिली.

एक शंका आहे. बिजवराला कोवळी मुलगी देणं ही चूक तुमच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच आहे. नक्कल मीच केली होती म्हणून लक्षात राहिली. सोनईच्या बाबतीत ती का लागू होत नाही तेवढं कळवावं, म्हणजे गावात कुणी विचारलं तर उत्तर देता येईल.

काकूंना नमस्कार. तुमच्या इंदूला माझी आठवण सांगावी. ती पुढच्या वर्षीच्या मॅट्रिकचा अभ्यास आतापासूनच करते आहे हे तिच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं.

आपली,
नीलांबरी


नागपूर
३ फेब्रुवारी १९४५

चि. नीलांबरीस आशीर्वाद.

तुझे पत्र घरून फिरून इथे पोचले. घाईत कार्ड लिहितो आहे, बाहेर टांगा उभा आहे. उदाहरण सापडले हे उत्तम. शंकेचे उत्तर असे की, पुस्तक समाजासाठी असते. घरात परिस्थिती पाहावी लागते. ९ तारखेला संध्याकाळी रेडिओजवळ अवश्य बसा. इथे व्याख्यानाला बायकांची गर्दी इतकी होती की पुरुषांना बाहेर उभे राहावे लागले.

विष्णुपंत


पुणतांबा
१० फेब्रुवारी १९४५

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

काल तुमचा आवाज गावात आला.

रंगनाथ पाटलांनी बॅटरी मुद्दाम मनमाडहून भरून आणवली होती. त्यांच्या पडवीत एवढी माणसं जमली की म्हशी बाहेर बांधाव्या लागल्या. आम्ही बायका दाराआड बसलो होतो. पहिल्या तीन प्रश्नांना माणसं तपकीर ओढत होती. चौथ्याला तुम्ही म्हणालात, "उदाहरणार्थ, माझी पुतणी नीलांबरी. नगर जिल्ह्यात पुणतांब्याला असते, वडील नाहीत, मी तिचा पालक आहे. तिला एक बिजवराचे स्थळ आले होते, ते मी बाजूला ठेवले. येत्या जूनमध्ये मी तिला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडणार आहे." आणि शेवटच्या वाक्याला तुमचा आवाज कापला. राहीबाई पाटलीण पदराने डोळे पुसू लागल्या.

पाटील उठून उभेच राहिले. म्हणाले, "ऐकलं का समद्यांनी? सरकारनं नाव घिऊन सांगितलं. आता पोरीला कालिजात धाडल्याबिगर सुटका न्हाई."

राहीबाई आतून म्हणाल्या, "आन् त्या सोनईवाल्याचं वो?"

"त्यो काय सरकारपरीस मोठा हाय व्हय?"

मी त्यांना समजावलं की हे सरकार नाही, माझे काका आहेत, त्यांचं आपलं मत सांगत होते. पाटलांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की ह्याच पेटीतून साखरेचं रेशन सांगितलं, ते झालं. लेव्हीचं धान्य सांगितलं, ते न्यायला माणसं आली. रॉकेल कमी होणार म्हणाले, ते झालं. "त्या पेटीतून आजपातूर खोटं काय आलं न्हाई," ते म्हणाले. "तुजा चुलता आसंल, पर तोंड सरकारचं हाय." आज सकाळी कोतवाल येऊन विचारून गेला की जूनची तारीख कोणती, म्हणजे त्याला लक्षात ठेवायला बरं.

आई रात्रीपासून बोलते आहे. वडील गेल्यानंतर इतकं बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. तुमच्यावर तिचा फार राग होता काका, तो तिने काल एका दमात सोडून दिला. तेवढ्यापुरता तरी तो सोडलेलाच राहू द्यावा.

आपली,
नीलांबरी


दादर, मुंबई
१३ फेब्रुवारी १९४५

नीलांबरी,

तुझे पत्र मिळाले. आशीर्वाद लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

तू काय केले आहेस याची तुला कल्पना आहे काय? गाडी तीन तास उशिरा आली. स्टेशनावरून मी थेट केंद्रावर गेलो. तिथे चहा झाला, छायाचित्र झाले, लिखाण चाळायला सवड मिळाली नाही. शिवाय लिखाण माझेच, ते चाळायचे कशाला. तांबडा दिवा लागला आणि आम्ही सुरू झालो. "उदाहरणार्थ, माझी पुतणी" एवढे वाचले तेव्हा मला वाटले, पोरीने गंमत म्हणून नाव घातले आहे. 'बिजवर' हा शब्द आला तेव्हा घाम फुटला. पण वाक्य सुरू झाले होते. मधेच थांबलो असतो तर साऱ्या मुंबई इलाख्यात शांतता पसरली असती. वेगळे बोललो असतो तर काचेपलीकडचे बोट खाली आले असते. मी वाचत गेलो. आवाज कापला तो संतापाने. ऐकणाऱ्यांना तो मायेने कापला असे वाटले. केंद्राचे अधिकारी बाहेर येऊन माझे हात हातात घेऊन उभे राहिले.

तेव्हापासून पत्रांचा पाऊस पडतो आहे. दोन साप्ताहिकांनी 'बोले तैसा' अशा मथळ्याखाली माझ्यावर लिहिले आहे. एका संपादकाला तुझे छायाचित्र हवे आहे. काल एक संपूर्ण महिला मंडळ घरी येऊन गेले. तुझी काकू त्यांच्यासमोर चहा देताना हसत होती. तिला हसण्यासारखे काय वाटले ते मी विचारलेले नाही.

हे सगळे ठीक आहे. पण मी नारायणरावांना शब्द दिला आहे आणि दिलेला शब्द मी पाळतो.

तेव्हा यातून मार्ग काढला आहे, तो नीट वाच. तू मला तुझ्या हाताने एक पत्र लिहायचे: 'काका, आपण मला शिकवायला तयार झालात हे आपले थोर मन, पण माझी ओढ संसाराकडे आहे. सोनईचे स्थळ मी आपल्या खुशीने पत्करते.' एवढेच. ते मी साप्ताहिकांना छापायला देईन. म्हणजे माझे तत्त्व शाबूत राहते, सोनईकर राहतात आणि मुलीची निवड मुलीने करावी हे चौथ्या आवृत्तीत नसलेले नवे तत्त्वही सिद्ध होते. उलट टपाली धाड.

विष्णुपंत


पुणतांबा
२१ फेब्रुवारी १९४५

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही.

तुम्ही सांगितलेलं पत्र मी लिहिणार नाही. तुमची सगळी पुस्तकं मी माझ्या हाताने लिहिली आहेत आणि त्यातला एक शब्द कधी गाळला नाही. पण हे लिहायला हात उचलत नाही. माझी ओढ संसाराकडे नाही. सोनईच्या माणसाविषयी माझं काही वाईट मत नाही, मी त्यांना पाहिलेलंच नाही. मला शिकायचं आहे, मास्तरीण व्हायचं आहे आणि आईला घेऊन कुठेतरी दोन खोल्यांत राहायचं आहे, जिथे धान्य संपलं की कुणाला पत्र लिहावं लागणार नाही. हे मी तुम्हांला दोनदा कळवलं. दोन्ही वेळा तुम्ही उत्तर दिलंत की इच्छा चांगली आहे. मग मी काय करायचं होतं? तुम्ही जागा मोकळी सोडलीत, खरं उदाहरण घाल म्हणालात. माझ्याजवळ ह्याच्याहून खरं दुसरं नव्हतं.

मला त्या दिवशी फार भीती वाटली, तेही सांगते. तुमचा आवाज कापला तेव्हा पडवीतल्या सगळ्यांत मला एकटीला ठाऊक होतं की तो का कापला.

आता सोनईची हकीकत. परवा नारायणराव स्वतः आले होते. नगरला कुणाकडे तरी त्यांनीही मुलाखत ऐकली होती. घरी येण्याआधी चौकशीसाठी ते पाटलांकडे उतरले, तिथेच घोळ झाला. पाटलांनी त्यांना बजावलं, "रावसाहेब, तुमी पेन्शन खाता. सरकारनं नाव घिऊन धाडलेल्या पोरीला तुमी मधीच आडवून घरात नेनार आन् मंग कागुद आला म्हंजी?" नारायणरावांनी तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, पाटलांपेक्षा ते शहाणे. पण मला वाटतं तीस वर्षं केली म्हणूनच ते घाबरले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं आणि आईला म्हणाले, "वरून इच्छा वेगळी दिसते. आम्ही मध्ये येत नाही." रेडिओवर जाहीर झालेल्या गोष्टीविरुद्ध काही लेखी देणं बरं नाही, असंही म्हणाले. म्हणून तुम्हांला त्यांचं पत्र आलं नसेल.

तेव्हा दिलेला शब्द तुम्ही मोडलेला नाही. त्यांनीच तो परत केला आहे.

कॉलेजच्या अर्जावर पालकाची सही लागते. अर्ज सोबत जोडला आहे. फुली केलेल्या ठिकाणी सही करावी.

आपली,
नीलांबरी


दादर, मुंबई
२५ मार्च १९४५

चि. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

उत्तरास उशीर झाला. मध्यंतरी सत्कार होते.

तुझ्या मागच्या पत्रातील भाषा थोडी उद्धट होती, ती मी विसरलो आहे. गेल्या महिन्यात विचार करायला अवधी मिळाला आणि असे ध्यानात आले की तुझ्या शिक्षणाविषयीची कल्पना माझ्या मनात पुष्कळ दिवसांपासून घोळत होती. चौथ्या उत्तरात मी ती जागा मोकळी सोडली ती उगाच नव्हे. लेखकाच्या मनात जे पिकत असते ते कधीकधी दुसऱ्याच्या लेखणीतून उतरते. तू निमित्त झालीस. हे मी सत्काराच्या भाषणातही थोड्या निराळ्या शब्दांत सांगितले आणि टाळ्या पडल्या.

अर्जावर सही करून पाठवत आहे. सही ठळक केली आहे, कारण कॉलेजात ती ओळखली जाईल. जाण्यापूर्वी नऊवारीत एक आणि पुस्तक हातात घेऊन एक अशी दोन छायाचित्रे कोपरगावला काढून घे व संपादकांकडे धाड. पुस्तक कोणते ते सांगायला नको.

तुझा काका,
विष्णुपंत


पुणे
२४ जून १९४५

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

आठवड्यापूर्वी इथे पोचले. वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत आहोत. एक कऱ्हाडची, एक मिरजगावची आणि एक कोकणातली, जी अजून रडते. मला रडू आलं नाही. सकाळच्या प्रार्थनेला उभी राहते तेव्हा वाटतं की कुणीतरी येऊन म्हणेल, चूक झाली, तू घरी जा. मग तास सुरू होतो आणि मी विसरते.

स्टेशनावर सगळा गाव आला होता. पाटलांनी गार्डाला सांगितलं की मुलगी सरकारी कामावर चालली आहे, नीट ने. आईने शेवटपर्यंत धीर धरला. गाडी हलल्यावर तिने दुसरीकडे तोंड फिरवलं.

तुमच्याशी मी सरळ वागले नाही, हे मला कळतं. तरीही तुम्ही सही केलीत. तुमच्या मनात काय होतं ते मी शोधत बसत नाही. ते वाक्य तुम्ही आपलं म्हणालात तर माझी काही हरकत नाही. मी इथे आहे, एवढ्यावर माझं भागतं.

लेडी सुपरिंटेंडंट बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "त्या मुलाखतीतली ती तूच का?" आता सगळ्या मुली मला 'उदाहरण' म्हणून हाक मारतात.

आपली,
नीलांबरी


दादर, मुंबई
२२ ऑक्टोबर १९४५

चि. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

तुझी चाचणीची प्रगती बाईंनी परस्पर कळवली, संतोष वाटला. मी ती एका लेखात वापरली आहे.

पंधरवड्यापूर्वी माझी दुसरी मुलाखत झाली. तुम्ही मुलींनी ऐकली असेलच. लढाई संपली तरी लिखाण मंजूर करून घेण्याचा नियम तोच आहे. यावेळी नक्कल मुंबईतच एका कारकुनाकडून करवली आणि मी स्वतः ती अक्षर अन् अक्षर तपासली, तेव्हा जे काही बोललो ते सर्वस्वी माझे होते. 'आमच्या घरात मुलीला शिकण्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही. शिक्षणाच्या दारात उभी राहिली की ती आत गेलीच पाहिजे' हे वाक्य उतरले तेव्हा समोरचे गृहस्थ क्षणभर पुढचा प्रश्न वाचायचे विसरले. हे वाक्य आता बऱ्याच शाळांतून फळ्यावर लिहितात असे ऐकतो.

घरची एक वार्ता. तुझ्या बाबतीत सोनईकरांचा जो विरस झाला तो मला डाचत होता. मी नगरला जाऊन नारायणरावांना भेटलो आणि रेडिओ म्हणजे हुकूम नव्हे हे त्यांना समजावून दिले. मने पूर्ववत जुळली. शरच्चंद्रांना आपली इंदू द्यायचे ठरले आहे. मार्गशीर्षात कार्य करू. तिला शाळेतून काढले. मॅट्रिकला चार महिनेच होते, पण नारायणरावांना थांबायला सवड नाही, आणि संमेलनही पौषात आहे. अध्यक्षपदासाठी माझे नाव त्यांनीच सुचवले. तुझ्या काकूने दोन दिवस अन्न घेतले नाही, आता घेते. इंदू सोळा वर्षांची आहे आणि शांत आहे.

तू म्हणशील, तत्त्वाचे काय? तर तत्त्व सिद्ध झालेलेच आहे. घरातली एक मुलगी शिकली की ते सिद्ध होते. सगळ्याच शिकू लागल्या तर सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. लग्नाला चार दिवस आधी ये. इंदू तुझ्याशी बोलते, तिला चार गोष्टी सांग.

तुझा काका,
विष्णुपंत


पुणे
९ नोव्हेंबर १९४५

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

इंदूला चार गोष्टी सांगण्यासाठी मला मुंबईला यावं लागणार नाही. ती इथे आली आहे. हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही चौकीवर जाऊ नये म्हणून आधी तार केली आहे, ती मिळाली असेल.

काल दुपारच्या गाडीने एकटी आली. काकूंनी तिला स्टेशनावर सोडलं आणि शिदोरी बांधून दिली, हे ती मला सांगणार नव्हती. शिदोरीतल्या दशम्या तुमच्या घरच्या आहेत हे मी ओळखलं. काकूंवर रागावू नये. रागवायचं तर माझ्यावर रागवावं, मला सवय आहे. पण खरं सांगते, ह्यावेळी मी काही केलं नाही. तुमचं पत्र आल्यावर मी फक्त तिला एक ओळ लिहिली होती, की मला तुझ्यासाठी फार वाईट वाटतं. वाटतं म्हणूनच लिहिलं.

मी तिला सुपरिंटेंडंट बाईंकडे घेऊन गेले. बाई कडक आहेत. पालकाच्या चिठ्ठीवाचून त्या कुणाला वसतिगृहात एक रात्रही ठेवत नाहीत. गेल्याच महिन्यात सातारची एक मुलगी अशी आली होती, तिला त्यांनी दुसऱ्या दिवशी परत धाडलं. इंदूने बापाचं नाव सांगितलं. बाईंनी लेखणी खाली ठेवली. मी म्हटलं, चिठ्ठी आणलेली नाही. तर बाईच म्हणाल्या, "ह्यांच्या घरात परवानगी मागावी लागत नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं आहे. त्यांच्या मुलीकडे मी चिठ्ठी मागू? उद्या बाहेर कळलं तर आमच्यावर हसतील." आणि त्यांनी नाव लिहून घेतलं. शेजारच्या मुलींच्या हायस्कुलात ती सोमवारपासून मॅट्रिकच्या वर्गात बसेल.

लग्नाचं इंदूने त्यांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तुम्ही सांगणार असाल तर तुमच्या सहीने सांगावं.

सोनईला काय कळवायचं, ते मला सुचत नाही. नारायणरावांना रेडिओ हुकूम नव्हे हे तुम्ही समजावलंत, ते आता पुन्हा उलटं समजवावं लागेल.

इंदू घाबरलेली आहे. तुम्ही रागवाल ह्याची तिला भीती नाही, तुम्ही न्यायला याल ह्याची आहे. आज सकाळी फाटक वाजलं तेव्हा ती दाराआड जाऊन उभी राहिली. मी तिला सांगितलं आहे की वडील खुशाल येऊ देत. तुम्ही फाटकात दिसलात की दोनशे मुली सह्या घ्यायला धावत येतील, बाई तुम्हांला हार घालतील, आणि भाषण केल्याशिवाय कुणी तुम्हांला बाहेर सोडणार नाही. इंदूला बाई तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसवतील. भाषणाचा विषय म्हणून तुमचं ते परवानगीचं वाक्य त्यांनी कालच फळ्यावर लिहून ठेवलं.

आपली,
नीलांबरी